'माथेफिरू' आणि 'नराधम' : हिंसक गुन्ह्याच्या कारणमीमांसेचा महाराष्ट्रातील इतिहास व मेळघाटचा संदर्भ

प्रस्तावना

चिखलदरा या नावाची फोड लोकपरंपरा 'कीचकदरा' अशी करते. अज्ञातवासात असताना भीमाने कीचकाचा वध केला, त्याचे प्रेत येथील दरीत लोटले आणि भीमकुंडात स्नान केले, अशी कथा या परिसरात सांगितली जाते. जवळच्या वैराट शिखराचे नावही विराट राजाशी जोडले जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या कथेत कीचकाच्या मनःस्थितीची चौकशी कोणीही करीत नाही. तो दुष्ट होता, बलाढ्य होता, राजाचा मेहुणा व सेनापती होता. द्रौपदीने भर सभेत दाद मागितली तरी राजाला त्याच्याविरुद्ध ब्र काढता आला नाही. कथेला एवढे पुरते. आधुनिक न्यायालयाला मात्र एवढ्याने भागत नाही.

एखादी भीषण हत्या घडली की मराठी वृत्तपत्रांत आरोपीसाठी दोन शब्द हमखास येतात. एक 'माथेफिरू' व दुसरा 'नराधम'. पहिल्यात आजाराची सूचना आहे, दुसऱ्यात पापाची. कित्येकदा एकाच बातमीत एकाच माणसासाठी हे दोन्ही शब्द वापरले जातात आणि त्यात काही विसंगती आहे असे लिहिणाऱ्यालाही वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. वस्तुतः हे दोन शब्द परस्परविरोधी दावे करतात. माथे फिरलेल्या माणसाला अधम कसे म्हणावे, आणि जो जाणूनबुजून अधम झाला त्याचे माथे फिरले असे कसे म्हणावे? विशेष म्हणजे यांपैकी एकही शब्द डॉक्टरचा नाही व न्यायाधीशाचाही नाही.

महाराष्ट्रात गाजलेल्या काही खटल्यांच्या आधारे या द्वंद्वाचा इतिहास तपासणे आणि मेळघाटसारख्या प्रदेशात त्याचा व्यवहारात काय अर्थ होतो हे पाहणे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. गुन्हेगार आजारी की दुष्ट, या प्रश्नाचे उत्तर आजवर आरोपीच्या मनापेक्षा त्याच्याविषयी उपलब्ध असलेल्या कागदांवर अधिक अवलंबून राहिले आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे प्रतिपादन आहे.

वेडाविषयीची जुनी दृष्टी

वेड आणि दुष्टपणा यांची सांगड आपल्या परंपरेने नेहमीच घातली असे नाही. याचे उत्तम उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात वास्तव्य केलेले श्रीगोविंदप्रभू हे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या लीळांमधून जे व्यक्तिमत्त्व समोर येते ते लौकिक अर्थाने विक्षिप्त आहे. ते मध्येच हसतात, रागावतात, कोणाच्याही घरात शिरून हवे ते मागतात, निर्जीव वस्तूंशी बोलतात. गावातील काहींना ते वेडे वाटत, भक्तांना ईश्वर वाटत. गावाने त्यांना कोंडून ठेवले नाही. वेडेपणाला गावात जागा होती, एवढाच निष्कर्ष यातून काढावा. त्या काळी सर्वच भ्रमिष्टांचे भाग्य असे होते असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

मराठी भाषेतही या अनुभवाच्या कितीतरी छटा शिल्लक आहेत. वेड, पिसे, खूळ, भ्रम, चळ या शब्दांपैकी कोणताही शब्द हिंसेशी जोडलेला नाही. 'वेड लागणे' हे प्रेमालाही लागू पडते. 'माथेफिरू' या शब्दाने मात्र वेड व हिंसा यांची पक्की गाठ मारली. या शब्दाचा वृत्तपत्रीय इतिहास कोणी संशोधकाने स्वतंत्रपणे लिहावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

कायद्याने विचारलेला तिसरा प्रश्न

आज आपल्या न्यायालयांत वेडेपणाच्या बचावाची जी कसोटी लावली जाते तिचे मूळ लंडनमध्ये आहे. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. आपल्यामागे राजकीय पक्षाचे लोक लागले आहेत असा त्याला भ्रम होता. ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरविले व इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. त्यानंतर उमराव सभेने न्यायाधीशांना प्रश्न विचारून जी उत्तरे मिळविली, तेच मॅकनॉटन नियम होत. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला होता व त्यात वेड्याच्या कृत्याला गुन्हा मानू नये अशी साधी, मोकळी तरतूद होती. १८६० मध्ये संहिता संमत होईपर्यंत मॅकनॉटन नियम आले होते; त्यामुळे कलम ८४ ची रचना त्या नियमांच्या वळणाने झाली.

कलम ८४ ची भाषा काळजीपूर्वक वाचली पाहिजे. आरोपी आजारी आहे काय, असे ते विचारीत नाही. तो दुष्ट आहे काय, असेही विचारीत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे जाणण्यास तो असमर्थ होता काय, एवढेच ते विचारते. म्हणजेच वैद्यकशास्त्र ज्याला गंभीर आजारी म्हणेल असा माणूसही कायद्याच्या दृष्टीने पूर्ण जबाबदार ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली व कलम ८४ ची जागा कलम २२ ने घेतली. ऑगस्ट २०२३ मधील पहिल्या विधेयकात येथे 'मानसिक आजार' हा शब्द घातला होता. संसदीय स्थायी समितीने त्यावर हरकत घेतली, कारण 'मानसिक आजार' ही कल्पना फार व्यापक आहे. आणि अंतिम संहितेत जुनाच 'मनोविकलता' या अर्थाचा शब्द परत आला. एकशे त्रेसष्ट वर्षांनंतरही आपण त्याच कसोटीपाशी उभे आहोत.

रामन राघव खटला

या कसोटीची ताकद व तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी रामन राघवच्या खटल्यात जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले झाले. १९६८ मध्ये उत्तरेकडील उपनगरांत तसेच हत्यासत्र पुन्हा सुरू झाले. पदपथावर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांच्या डोक्यात जड, बोथट हत्याराने घाव घातले जात. शहरात घबराट पसरली. रात्री गस्ती सुरू झाल्या आणि अनोळखी माणसाला संशयावरून मारहाण होऊ लागली. पहिल्या मालिकेच्या वेळीच रामन राघवला संशयावरून ताब्यात घेण्यात आले होते, पण पुराव्याअभावी सोडण्यात आले. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखले व अटक केली. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. रामन राघवने अनेक खुनांची कबुली दिली.

१९६९ मध्ये सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. पोलीस शल्यचिकित्सकाने त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवले आणि तो मनोविकृत नाही, त्याची स्मृती व आकलन शाबूत आहे, असे मत दिले. बचाव पक्षाच्या वतीने नायर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाने तुरुंगात त्याच्या अनेक मुलाखती घेतल्या. त्यांचे निदान होते दीर्घकालीन संशयी छिन्नमनस्कतेचे. आपण माणसे मारतो आहोत हे आरोपीला कळत होते, परंतु ते चूक आहे हे त्याला कळत नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. फाशीची शिक्षा झाली. रामन राघवने अपील करण्यासही नकार दिला.

शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. या मंडळाने पाच वेळा, प्रत्येकी सुमारे दोन तास, त्याची मुलाखत घेतली. मंडळासमोर उलगडलेले त्याचे भ्रमविश्व पाहण्यासारखे आहे. त्याच्या मते जगे दोन होती : एक आपण सारे राहतो ते, आणि दुसरे 'कानून'चे. आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत आणि हे जग आपल्याला भ्रष्ट करण्यासाठी, आपले पुरुषत्व हिरावण्यासाठी टपले आहे, अशी त्याची ठाम धारणा होती. मंडळाचे निदान बचाव पक्षाच्या तज्ज्ञाशी जुळले.

येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. कलम ८४ विचारते, आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे आरोपी जाणत होता काय? आणि हा आरोपी म्हणतो, मीच कायदा आहे. तो अंधारात हल्ला करीत होता, नाव बदलून वावरत होता, पकडला जाऊ नये याची खबरदारी घेत होता. म्हणजे पोलिसांचा कायदा त्याला ठाऊक होता. पण त्याच्या लेखी तो खोट्या जगाचा कायदा होता. 'जाणणे' या एका क्रियापदात कायद्याने जे भरले आहे ते येथे फाटते. सत्र न्यायालय चुकले असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत अभ्यासक करणार नाही. त्या न्यायालयाने कायद्याची अक्षरे काटेकोर लावली. प्रश्न अक्षरांचाच आहे.

१९८७ मध्ये, तो असाध्य मनोरुग्ण असल्याच्या कारणावरून, त्याची फाशी जन्मठेपेत परिवर्तित झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. एकच माणूस दोषसिद्धीसाठी शहाणा व शिक्षेसाठी वेडा ठरला, आणि या दोन्ही गोष्टी कायद्याला एकाच वेळी मान्य झाल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जांसंबंधीच्या निवाड्यात, तसेच २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात, गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते असे तत्त्व म्हणून सांगितले. रामन राघवच्या बाबतीत ते तत्त्व येण्याआधीच व्यवहारात उतरले होते.

लोकस्मृतीने मात्र या साऱ्या गुंतागुंतीतून एकच प्रतिमा उचलली. मुंबईत झोपेत माणसे मारणारा वेडा. १९९१ व २०१६ मध्ये त्याच्या नावावर चित्रपट निघाले. ज्यांची डोकी फुटली ते पदपथवासी कोण होते, हे कोणाच्या लक्षात नाही.

शहाण्यांची हिंसा

रामन राघवची आठवण ताजी असतानाच महाराष्ट्राला दोन धक्के बसले आणि या दोन्ही ठिकाणी वेडेपणाचे स्पष्टीकरण उपयोगाचे नव्हते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे लागोपाठ हत्या झाल्या. बळींमध्ये बहुसंख्य मुली व स्त्रिया होत्या. गुप्तधन व अपत्यप्राप्ती यांसाठी नरबळी देण्यात आले, असा पोलिसांचा आरोप होता. या तपासातही रमाकांत कुलकर्णी हेच होते. कारस्थान रचणे, माणसे नेमणे, पुरावे लपविणे हे भ्रमिष्टाचे काम नव्हे. अशा आरोपामागे जी श्रद्धा आहे ती कोणा एकाच्या डोक्यात उपजलेली नव्हती. ती आसपासच्या अनेकांना परिचित होती.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड याहून अस्वस्थ करणारे आहे, निदान महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना तरी. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत दहा खून झाले आणि ते करणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांचाच वर्गबंधू. बळींमध्ये वृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर व त्यांचे कुटुंबीय होते. चौघांना १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली व २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्यांच्यापैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आपली कबुली पुस्तकरूपाने लिहून काढली. अशा मजकुराच्या खरेपणाविषयी सावध राहिले पाहिजे. पण भ्रमिष्टाचे लेखन म्हणून तो बाजूला सारता येत नाही, हे निश्चित. पैसा, मद्य, एका म्होरक्याचा वचक, आणि एकदा केल्यानंतर मागे फिरता न येणे, अशी या प्रकरणाची कारणे आहेत. ती इतकी सामान्य आहेत की त्यांना 'दुष्टता' हे भारदस्त नाव देणे म्हणजे त्यांचा गौरवच करणे होय.

मानसोपचाराच्या क्षेत्रात आज एक गोष्ट सर्वमान्य आहे. बहुतांश हिंसक गुन्हे गंभीर मनोरुग्ण करीत नाहीत. उलट मनोरुग्णच हिंसेचे बळी ठरण्याचा धोका अधिक असतो. मानवत व पुणे या प्रकरणांशी हे सुसंगत आहे. रामन राघव हा अपवाद होता. आपण मात्र अपवादाला नियम मानून बसलो.

केस-पेपरचे महत्त्व

मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातमधील एका खटल्यात हा भार काहीसा हलका केला. तरी आरोपीची घटनेपूर्वीची, घटनेच्या वेळची व घटनेनंतरची स्थिती पाहावी लागते, हे सूत्र कायम आहे. यातील कळीचा शब्द 'पूर्वीची' हा होय.

२००२ सालचा महाराष्ट्रातीलच एक निवाडा या संदर्भात उद्बोधक आहे. एका पोलीस शिपायाने घरगुती वादात पत्नीचा दगडी वरवंट्याने खून केला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कलम ८४ चा लाभ देऊन त्याला दोषमुक्त केले. घटनेच्या आधीपासून त्याच्यावर संशयी छिन्नमनस्कतेचे उपचार चालू होते, घराण्यात मानसिक आजाराचा इतिहास होता, अटकेनंतरही त्याला वारंवार रुग्णालयात न्यावे लागले होते. आणि हे सर्व कागदोपत्री नोंदलेले होते. तो शासकीय सेवेत होता. त्याच्यासाठी रुग्णालय होते, डॉक्टर होते, केस-पेपर होता. रामन राघवपाशी यांतले काहीच नव्हते. त्याच्या आजाराविषयी जे काही कळले ते अटकेनंतर कळले. दोन्ही खटल्यांतील निदान एकच होते. निकालांतील अंतराची सर्व कारणे कागदात नाहीत हे खरे. परंतु ते कारण मोठे आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

मेळघाटचा संदर्भ

आता हीच कसोटी मेळघाटात लावून पाहावी. चिखलदरा व धारणी तालुक्यांतील कोरकू समाजात आजारपण आले की पहिली वाट बहुधा भूमकाकडे किंवा पडिहाराकडे जाते. भूमका हा गावदेवांचा पुजारी व उपचारकर्ताही आहे. तो गावातच राहतो, रात्री-अपरात्री उपलब्ध असतो, कोरकू बोलतो आणि रुग्णाच्या आजोबांनाही ओळखत असतो. त्याच्याकडे जाण्याला केवळ अज्ञान म्हणून हिणवणे आम्हा शिकलेल्यांना सोपे जाते. विदर्भातील शासकीय मनोरुग्णालय नागपूरला आहे. चिखलदऱ्याहून ते दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. शिवाय मानसोपचाराचे सारे निदान बोलण्यावर उभे असते, आणि कोरकू ही मराठीशी वा हिंदीशी कुळाचे नाते नसलेली, मुंडा गटातील भाषा आहे. नाडी दुभाष्याशिवाय पाहता येते. भ्रम पाहता येत नाही.

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू भयावह आहे. मन बिघडले की 'बाहेरचे' लागले, म्हणजेच कोणीतरी लावले, आणि लावणारी बहुधा एखादी एकाकी, वृद्ध स्त्री. आजारी की दुष्ट हा शहरी प्रश्न येथे वेगळेच वळण घेतो. आजार एकाच्या अंगात असतो आणि दुष्टता दुसरीच्या माथी मारली जाते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातील एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका वृद्ध आदिवासी महिलेला बांधून मारहाण करण्यात आली, मिरचीची धुरी देण्यात आली, मूत्र पाजण्यात आले आणि चपलांचा हार घालून धिंड काढण्यात आली, असे वृत्त जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर प्रसिद्ध झाले. आरोप गावच्या पोलीस पाटलापर्यंत गेले. हे करणाऱ्यांना कोणी माथेफिरू म्हटले नाही. ते गावकरी होते. कीचकवधानंतर उपकीचकांनी द्रौपदीलाच चितेकडे ओढत नेले होते, हे येथे आठवते. समूहाच्या हिंसेची मानसिक तपासणी त्या कथेतही होत नाही व आजही होत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर वटहुकूम निघाला व त्याच वर्षी जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. त्याच्या अनुसूचीतील पहिल्याच नोंदीत भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, मूत्र-विष्ठा तोंडात घालणे यांचा जवळजवळ शब्दशः उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तरीही उपरोक्त प्रकरणी सुरुवातीच्या नोंदीत या अधिनियमाची कलमे लावली गेली नव्हती, असे वृत्तपत्रांनी नमूद केले. तक्रारीत जादूटोण्याचा उल्लेख नव्हता, असे त्यावर सांगण्यात आले. येथेही पुन्हा कागदच.

समजा, उद्या मेळघाटातील एखाद्या तरुणाने भ्रमाच्या भरात कोणाचा जीव घेतला. त्याला दोन वर्षे आवाज ऐकू येत होते, तो जंगलात निघून जाई, रात्र-रात्र जागा राही, हे गावातील प्रत्येकाला माहीत असेल. घरच्यांनी कोंबडी दिली असेल, पूजा घातली असेल, भूमकाने धागा बांधला असेल. म्हणजे आजार ओळखला गेला होता आणि त्यावर कुटुंबाने ऐपतीबाहेर खर्चही केला होता. सत्र न्यायालयात मात्र 'पूर्वीच्या' स्थितीचा पुरावा विचारला जाईल. भूमकाला साक्षीला बोलावले तर तो काय सांगेल? याला बाहेरचे लागले होते, असेच सांगेल. त्याच्या भाषेत ते रोगाचे निदानच असते. न्यायालयाच्या नोंदीत त्याचे भाषांतर अंधश्रद्धा असे होईल आणि आरोपी निरोगी ठरेल.

वैद्यकीय तपासणीचा आदेश न्यायालय देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मनोविकल आरोपींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु ती तपासणी अटकेनंतरची. कैदेत काही महिने काढलेल्या, अनोळखी भाषेत प्रश्न विचारले जाणाऱ्या माणसाची. घटनेच्या दिवशीचे त्याचे मन तिला गाठता येत नाही. भूमकांना आरोग्य यंत्रणेशी जोडण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत. त्यांचा भर स्वाभाविकपणेच बालमृत्यू व माता-आरोग्य यांवर राहिला. भूमकाने मनाने बिघडलेल्या रुग्णाला धागा बांधण्यास हरकत नाही, पण त्याच दिवशी आशा कार्यकर्तीच्या वहीत त्याचे नाव, तारीख व दिसलेली लक्षणे एवढी एक ओळ पडावी. कोणत्याही न्यायालयात ती ओळ 'पूर्वीची स्थिती' म्हणून वाचता येईल. शिवाय तिच्यामुळे तो तरुण न्यायालयाच्या आधी डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे, आणि कोणा वृद्धेच्या दारात गाव जमण्याआधी त्याच्या आजाराला नाव मिळण्याचीही.